साळवे सरांची पांढर

आमच्या शाळेत एखादं परिपत्रक हरवलं की हेडसर कपाट उघडायला सांगायचे नाहीत, ते साळवे सरांना हाक मारायचे. हरवलेलं पत्र बहुधा सरांच्याच टेबलावर असायचं, आणि त्या टेबलावरच्या ढिगाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. वह्या, मतदारयाद्या, नकाशे, पेपरची कात्रणं, सगळं एकावर एक. सर चष्मा कपाळावर चढवायचे, ढिगाच्या अंगाला वाकून बघायचे आणि विचारायचे, "कधीचं पत्र म्हणता?" हेडसरांनी सांगितलं की कडेवर बोट ठेवायचे. "हे बघा, इथपर्यंत कोरोना. त्याच्यावर ही निवडणूक. तुमचं पत्र ह्या दोन्हीच्या मधी पाहिजे." बोट आत घालून कागद ओढला की तोच निघायचा. एकदा हेडसरांनी सुट्टीत ते टेबल आवरून घेतलं, तेव्हा सर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "थर मोडला तुम्ही. आता काय सापडून राह्यलंय?"

थर हा सरांचा शब्द. स्टाफरूममध्ये कोणी कुजबुजत बातमी आणली, की अमक्याची बदली ठरली, तमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं, तर सर मान वर न करता विचारायचे, "कोणत्या थरातलं?" म्हणजे तुम्हाला कोणी सांगितलं, त्याला कोणी, आणि त्याच्या खाली कोण होतं? दोन थर खाली गेलं की बातमी हमखास विरघळायची. त्यामुळे गप्पाटप्पांत सरांना कोणी धरत नसे. चहा मात्र सगळे त्यांच्याच पैशानं प्यायचे.

शांतवन साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. जालन्याच्या ख्रिस्ती घरातले. वडील दवाखान्यात कंपाउंडर, आई दर रविवारी मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायची. त्या गोष्टी ऐकताना इतर मुलं विचारत, पुढं काय झालं? हे महाशय विचारत, कुठं झालं? जागा दाखवा. आईनं भिंतीवरचा नकाशा दाखवला, आणि तिथून हा माणूस जो बिघडला तो बिघडलाच. इतिहासाचे शिक्षक झाले, आमच्या शाळेत आले, पण मन सगळं यरुशलेमच्या आसपास कुदळ घेऊन फिरत असायचं. तिकडं कोणी काय खणलं, त्यात काय निघालं, हे सरांना घनसावंगीच्या बाजारभावाआधी कळायचं. उंच, काटकुळे, ढगळ पँट, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी निळा टूथब्रश. दात घासायला नव्हे, खापरं घासायला. मीटिंग रंगात आली की सर पिशवीतून एखादं खापर काढत आणि टेबलाखाली घासत बसत. पंचायतीचे लोक आले तर त्यांना वाटायचं, मास्तर जर्दा मळून राह्यले.

आमची शाळा कुंभार पिंपळगावच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. मी गणित शिकवायचे. सोमवारी सकाळी मी आणि सर जालन्याहून एकाच बसनं निघायचो, घनसावंगीला उतरून जीप धरायचो. जीपमध्ये पंधरा माणसं, दोन कोंबड्या आणि सर. सरांना श्रोते मिळाले की ते सुटलेच. एकदा त्यांनी यरुशलेमच्या हिज्कीया राजाच्या बोगद्याचा विषय काढला. शत्रू चालून येणार म्हणून राजानं डोंगराखालून पाण्याला वाट केली. "दोन टोळ्या दोन्हीकडून खणत आल्या. मधी थोडंच राह्यलं, तवा ह्यांच्या टिकावाचा आवाज त्यांना ऐकू आला. हे त्यांनी तिथंच दगडात कोरून ठेवलं होतं, आजबी वाचता येतं. बायबलमधी राजाचं नाव, अन् डोंगरात त्याचं पाणी!"

मग कोंबडीवाल्यानं विचारलं, "बराबर भेटले का पण सर? आमच्या भावानं विहिरीतून आडवं बोर मारलं, ते शेजारच्याच्या विहिरीत निघालं. आता पाणी आमचं अन् मोटार त्याची."

सर इतके खूश झाले की त्यांनी त्या माणसाला घरचा पत्ता विचारला. पुढच्या आठवड्यात ते खरोखर त्या विहिरीत उतरून आले. मला म्हणाले, "मॅडम, हिज्कीयाची माणसं लई हुशार होती. आडवं खणणं सोपं न्हाई."

असाच दुसरा नाद दगडांचा. येशूला क्रुसावर चढवायची शिक्षा देणारा सुभेदार पंतय पिलात. त्याचं नाव कोरलेला दगड तिकडं सापडला तो एका पायरीला लावलेला. नंतरच्या लोकांनी दगड चांगला दिसला म्हणून उचलून पायरीत बसवला होता. हे वाचल्यापासून सरांना कुठलीही पायरी सरळ चढवेना. वाकून बघायचे, खालून हात घालायचे. हेडसरांच्या घरी मोरीजवळ कपडे धुवायची जुनी शिळा होती. सरांनी आणि आमच्या शिपायानं ती एका रविवारी उलटी केली. खालून हा एवढा विंचू निघाला. वहिनी ओट्यावर चढल्या आणि तिथून ओरडल्या, "काय हो भाऊजी, निघाला का तुमचा पिलात?"

"विंचू निघाला वहिनी," सर म्हणाले. "पिलाताच्या जवळपासचाच हाय."

आमची चिडवाचिडवी चालायची. मी बौद्ध घरातली, लहानपणापासून दर सुट्टीत वेरूळ, अजिंठा पाहिलेली. मी म्हणायचे, सर, आमची लेणी अजून छपरासकट उभी आहेत, तुमच्या बायबलातल्या यरीहो शहराचा नुसता खड्डा. ते म्हणायचे, "तुमच्या लोकांनी डोंगर कोरला, तो जातो कुठं? आमचे मातीत राह्यले बिचारे. त्यांना शोधावं लागतं."

नाताळला सर सगळ्या स्टाफला जालन्याला बोलवायचे. त्यांच्या चर्चच्या मंडळीतली मुलं दर वर्षी यरीहोचं नाटक करायची, आणि ते बसवायचे सरच. यहोशवा हा सेनापती आणि त्याचे लोक शहराभोवती गुपचूप फेऱ्या मारतात, रोज एक, सातव्या दिवशी सात. मग शिंगं वाजतात, सगळे एकदम ओरडतात आणि तटबंदी कोसळते. पुठ्ठ्याची भिंत पाडायला मुलं वर्षभर वाट बघायची. त्या वर्षी नाटकानंतर बाहेरगावचे एक उपदेशक पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन आले होते. त्यांनी पडद्यावर मातीची पडकी भिंत दाखवली आणि गरजले, "हीच ती भिंत! विज्ञानानं बायबल सिद्ध केलं!" टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर मागून आवाज आला, "कोणत्या थरातली?"

मी कपाळाला हात लावला. सर उभे होते. म्हणाले, "साहेब, ती भिंत मी वाचलीये. पडली हे खरं, जळली हेबी खरं. पण खणणारे बहुतेक लोक म्हणतात, ती यहोशवाच्या लई आधी पडली. तो आला तवा तिथं भिंत होती का न्हाई, ह्याचाच वाद हाय. आपल्याकडं तेवढा एक पुरावा न्हाई, तर न्हाई म्हणावं."

मांडवात चुळबुळ सुरू झाली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मान वळवून घाबऱ्या आवाजात विचारलं, "मंग बायबल खोटं का रे शांतवन?"

सर त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. "न्हाई आक्का. माझी आजी सांगायची, तिच्या लग्नात हत्ती आल्ता. मी मोठा झाल्यावर चौकशी केली, हत्ती न्हवता. पण लग्न झालं होतं ना? मी हाय की इथं."

आक्का हसल्या. उपदेशक हसले नाहीत. पुढच्या वर्षी नाटक दुसऱ्या कोणाकडं गेलं. सरांनी ते मनाला लावून घेतलं, हे मला दिसायचं. नाताळात पुठ्ठ्याच्या भिंतीचा विषय निघाला की ते चहा सांगायला उठायचे.

आता पांढरीकडं येते. आमच्याकडं शेताची जमीन ती काळी, आणि जिथं गाव वसतं ती पांढर. जुनं गाव उठून दुसरीकडं गेलं की मागं पांढऱ्या मातीचं टेकाड उरतं. शाळेच्या मागं असंच एक टेकाड होतं, वर एक लिंबाचं झाड. पूर्वी लोक तिथली माती धाब्याच्या घरावर टाकायला न्यायचे, ती पाणी खाली उतरू देत नाही म्हणून. पुढं स्लॅबची घरं झाली, मातीला कोणी विचारीना. पावसाळा सरला की उतारावर खापरं उघडी पडायची, कधी काचेच्या बांगडीचा तुकडा, कधी शंखाचा मणी. सर तिथं मुलांना न्यायचे आणि सांगायचे, "यरीहो यरीहो म्हणतात ते तरी काय हाय? पांढरच! गावावर गाव, गावावर गाव. तिथं दुनिया जाते बघायला. इथं शेळ्या चरून राह्यल्या."

सरांचं त्या टेकाडाबद्दल एकच मागणं होतं. जाणत्या माणसांनी यावं, ते नीट उकलावं, आणि तोवर त्याला कोणी हात लावू नये. त्यासाठी त्यांनी कचेऱ्यांत खेटे घातले होते. पाहणीला येऊ, असं उत्तर मिळालं होतं.

टेकाड आसाराम काकांच्या मालकीचं. काका म्हणजे खाऊन-पिऊन सुखी शेतकरी, आजूबाजूला सगळा ऊस. मधेच हा उंचवटा त्यांच्या डोळ्यात खुपायचा. त्यांनी ठरवलं, माती वीटभट्टीला द्यायची, जमीन सपाट करायची आणि तिथंही ऊस लावायचा. सर त्यांच्या पाया पडायचे बाकी राहिले. काका म्हणाले, "सर, तुमचा मान हाय. पण खापराला टनेज किती पडतं, सांगा."

जेसीबी यायला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी शाळेआधी सर टेकाडाभोवती चालताना दिसले. एक फेरी, तोंडातून शब्द नाही. मी अडवलं. म्हटलं, सर, त्या लोकांनी भिंत पाडायला फेऱ्या मारल्या, तुम्हाला तर टेकाड वाचवायचंय.

"मॅडम, गाडी रिव्हर्सबी जाते की," ते म्हणाले. "गाव बघंल, इचारंल, हे म्हातारं काय करून राह्यलं. सहा दिवस बघू द्या. सातव्या दिवशी सगळं समजावून सांगतो."

इथंच गणित चुकलं. आमच्या गावात एखादा माणूस भल्या सकाळी आंघोळ करून, मौन धरून एका जागेला फेऱ्या घालायला लागला, तर त्याला कोणी काही विचारत नाही. विचारायचं काय त्यात? ते व्रत असतं. आणि सातव्या दिवसाआधी फेऱ्यांबद्दल गावाशी बोलायचं नाही, असं सरांनीच ठरवल्यामुळं त्यांना कोणाला सांगताही येईना. आधी दोन दिवस बोलवा उठली, की मास्तरला गुप्तधनाचा नकाशा सापडला. तिसऱ्या दिवशी आसाराम काकांच्या बायकोची, सरूबाईंची, हरवलेली म्हैस आपली आपण गोठ्यात आली. झालं. सरूबाई डोक्यावर पदर घेऊन सरांच्या मागं फेरीला. त्यांच्या मागं आळीतल्या बायका. मग नारळ. मग टेकाडाच्या पायथ्याशी शेंदूर फासलेला एक दगड. सर तोंड मिटून पुढं, मागं अख्खी प्रदक्षिणा. सरांच्या चेहऱ्यावरचा तो हताशपणा लोकांना वैराग्य वाटत होता.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ जालन्याला पाठवला. सरांच्या मंडळीतून फोनवर फोन, शांतवन, हे काय मूर्तिपूजेला लागलास?

सातव्या दिवशी टेकाडापाशी जत्रा होती. गूळ-खोबरं वाटलं जात होतं. सातवी फेरी झाली आणि आसाराम काका टोपी काढून पुढं आले. त्यांचा चेहरा उतरला होता, घरात बायकोनं भांडण काढलं असणार.

"सर," ते म्हणाले, "देवाच्या जागेला मी हात लावणारा माणूस न्हाई. गाडीवाल्याला न्हाई म्हणून सांगतो. फकस्त तुम्ही एकदा तुमच्या तोंडानं सांगा, हितं देव हाय. तुम्ही खोटं बोलत न्हाई, हे सगळ्या गावाला ठावूक हाय."

मी सरांच्या शेजारीच उभी होते. मी त्यांचा शर्ट मागून ओढला. हो म्हणू नका, पण गप्प तरी बसा! एवढी जन्माची तळमळ, आणि आता फक्त तोंड मिटून राहायचं होतं. सहा दिवस ते त्यांना छान जमलं होतं. आम्ही मास्तर लोक रोज किती ठिकाणी गप्प बसतो. इथं एकदा बसले असते तर कोणाचं काय गेलं असतं?

सरांनी टेकाडाकडं पाहिलं.

"काका," ते म्हणाले, "देव सगळीकडं हाय, असं मी मानतो. पण मी फिरलो ते इथं देव हाय म्हणून न्हाई. इथं माणसं राहायची. तुमच्या-माझ्यासारखी. त्यांच्या चुली हायत खाली, रांजण हायत. त्याच्यासाठी फिरलो."

"म्हंजे देवाची जागा न्हाई?"

"न्हाई."

"अन् म्हैस?"

"म्हैस भूक लागली म्हणून आली, काका."

हशा पिकला आणि दोन मिनिटांत गर्दी पांगली. सोमवारी जेसीबी आला. रस्त्याकडची निम्मी पांढर संध्याकाळपर्यंत ट्रॉल्यांत भरून गेली. उरलेली निम्मी ऊसतोड झाल्यावर न्यायची ठरली. सर त्या दिवशी शाळेत आले नाहीत. त्यांच्या मंडळीतले लोक मात्र अभिनंदनाला फोन करत होते, की मूर्तिपूजा मोडून काढलीस. सर एकाला म्हणाले, "मी काय दगड मोडाया गेल्तो का? मी खापरं वाचवाया गेल्तो. ते न्हाई जमलं." आणि फोन ठेवून दिला.

मला सरांचा फार राग आला. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही. त्यांच्याबद्दल इतकी माया मला कधी वाटली नव्हती, तेही खरं, पण ते मी सांगितलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, यरीहोच्या भिंतीला न्हाई म्हणलो मी. सगळ्या मंडळीसमोर म्हणलो. मंग घरच्या टेकाडाला हो कसं म्हणू?"

ऊसतोड सुरू झाली आणि माझी बदनापूरकडं बदली झाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेतला, सर कुठं दिसेनात. शिपाई म्हणाला, शाळेची शिडी घेऊन मागं गेलेत. जीप थांबवून मी मागं गेले.

जेसीबीनं टेकाड सुरीनं कापावं तसं उभं कापलं होतं. दोन पुरुष उंच भिंत. त्यात राखाडी, पिवळे, काळे पट्टे एकाखाली एक, आणि प्रत्येक पट्ट्यावर सरांनी सुतळी ताणलेली. सर शिडीवर होते आणि खाली शिडी धरून, चक्क, आसाराम काका. ट्रॉलीचं विचारायला आलेले, सरांनी त्यांच्याच हातात शिडी दिली असणार. थोडं पलीकडं सरूबाई सरपण वेचत होत्या.

"हे बघा काका," सर वरून म्हणाले. कापलेल्या मातीत एक चूल अर्धी दिसत होती. आत काळी राख, बाजूला भाजून लाल झालेली माती, आणि चुलीच्या काठावर चार बोटं ओढल्याची खूण. सारवताना ओढतात तशी. ओली असताना ओढली, वाळली, भाजली, आणि राहिली.

"कोण असंल सर?" काकांनी विचारलं.

"माहीत न्हाई," सर म्हणाले. इतक्या आनंदानं माहीत नाही म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काकांनी बायकोला हाक मारली. सरूबाई आल्या, शिडीच्या चार पायऱ्या चढल्या, पदर खोचला आणि त्या खुणेसमोर हवेत आपली चार बोटं धरून बघितली. एकदा उजवा हात, मग डावा.

"डावरी हाय," त्या म्हणाल्या. "अन् घाईत होती बाई. बघा, शेवटाला हात अर्ध्यातच उचलला. लेकरू उठलं असंल."

रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. आसाराम काकांनी कापलेल्या मातीवर बोट फिरवलं, माती भुरभुरली, तसे ते म्हणाले, "सर, हे झाकायचं कसं? वारा सुटला तर जाईल की हे समदं."

सर शिडीवरून पडायचेच बाकी होते. काकांनी खिशातून फोन काढला, ट्रॉलीवाल्याला दोन शब्दांत न्हाई सांगितलं आणि ट्रॅक्टरवरची ताडपत्री आणायला निघाले. हातोडी, खिळे, सगळं आलं. मला निघावं लागलं. जीप वळणावर आली तेव्हा मी मान काढून मागं पाहिलं. सरूबाईंनी ताडपत्रीचं एक टोक धरलं होतं, काका भिंतीच्या माथ्यावर हातोडी उगारून बसले होते, आणि शिडीवरून सर दोन्ही हात वर करून ओरडत होते, "हळू, काका, हळू मारा! आत घर हाय!"